‘देवासारखे धावून आले’ म्हणजे नेमके काय?

ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला, की परभणी जिल्ह्यातले रस्ते अंधार पडल्यावर धोक्याचे होतात. गंगाखेड, पाथरी, मानवत, सोनपेठ, कुठल्याही बाजूने या, उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर कारखान्याकडे निघालेले असतात. अनेक ट्रॉल्यांना मागे ना दिवा असतो, ना लाल रिफ्लेक्टर. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉली दिसते तेव्हा ब्रेक लावायलाही वेळ उरलेला नसतो. मग १०८ ची रुग्णवाहिका, जवळचे ग्रामीण रुग्णालय, तिथून परभणीचा अपघात विभाग आणि अनेकदा तिथूनही पुढे नांदेड.

यातलाच एखादा रुग्ण महिना-दीड महिन्याने काठीच्या आधाराने परत येतो. सोबत बायको असते आणि हातात पेढ्यांचा पुडा. पायात सळई बसवणाऱ्या सर्जनला तो नमस्कार करतोच. पण बायको शोधत असते ती ‘त्या रात्रीच्या सिस्टर’ला. का, असे विचारले तर सांगते, ‘मला कुणी काहीच सांगंना. त्या सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं, नवरा बोलायलाय, घाबरू नका. देवासारख्या धावून आल्या बघा.’

ही कोणा एका कुटुंबाची गोष्ट नाही. सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात काही वर्षे काढलेल्या कोणालाही ती ओळखीची वाटेल. रुग्ण आभार मानतात तेव्हा नेमके कशाचे मानतात, हे मात्र फारसे कोणी नोंदवून ठेवत नाही. तक्रारीची चौकशी होते, अहवाल लिहिला जातो. आभाराचे पेढे वाटले जातात आणि विषय संपतो. खरे तर तक्रारीइतक्याच काळजीने आभारही वाचायला हवेत. रुग्णालयात काय चालले आहे आणि काय चाललेले नाही, हे त्यातून कळते.

रुग्णाला काय दिसते?

अपघातग्रस्त माणसाला किंवा त्याच्या नातेवाइकांना वैद्यकीय उपचारांची गुणवत्ता जोखता येत नाही. श्वासनलिकेत नळी किती लवकर टाकली, छातीत साठलेले रक्त वेळेत ओळखले का, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचे इंजेक्शन तीन तासांच्या आत दिले का, हे त्यांना कळायला मार्ग नसतो. शेवटच्या मुद्द्याचेच पाहा. रक्तस्राव होत असलेल्या जखमींमध्ये हे स्वस्त औषध वेळेत दिल्यास मृत्यू कमी होतात, हे २०१० मध्ये ‘क्रॅश-२’ या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासाने दाखवले. त्या इंजेक्शनने प्राण वाचलेल्या माणसाला त्याचे नावही ठाऊक नसते.

त्याला आठवते ते वेगळेच. कोणीतरी नाव विचारले. कपडे कापताना अंगावर चादर टाकली. ‘आता सुई टोचतोय, दुखेल’ असे आधी सांगितले. वॉर्डातल्या मामांनी स्ट्रेचर ओढून आणले, मावशींनी रक्त पुसले. कोणीतरी आपल्या फोनवरून घरी कळवले. अशा गोष्टी दोन-दोन मिनिटांच्या असतात, पण आभार मानताना रुग्णाच्या तोंडी बहुधा त्याच येतात.

यावरून ‘लोकांना गोड बोलणेच हवे असते’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. फुटलेल्या प्लीहेवर गोड बोलण्याचा उपाय चालत नाही. तिथे रक्त लागते, भूलतज्ज्ञ लागतो, शस्त्रक्रियागृह लागते. आपुलकी ही कौशल्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ती कौशल्याच्या कामाला येते आणि त्याची कारणे वैद्यकीय आहेत.

आपुलकीचे वैद्यकीय काम

भीतीने आणि वेदनेने नाडी वेगाने चालते, श्वास वाढतो, घाम फुटतो. आतल्या आत रक्तस्राव होत असेल, तरी पहिल्या टप्प्यात जवळपास हीच लक्षणे दिसतात. घाबरलेला रुग्ण शांत झाला, की खरा धोका ओळखणे सोपे जाते. मानेच्या मणक्याला इजा झाल्याची शंका असेल तर मान स्थिर राहणे अत्यावश्यक असते. कारण समजावून सांगितलेला रुग्ण मान हलवत नाही, ओरडा खाल्लेला हलवतो.

विषबाधेच्या रुग्णांत हे अधिकच खरे आहे. कापूस आणि सोयाबीनच्या या पट्ट्यात कीटकनाशकाची विषबाधा अपघात विभागाला नवी नाही. कधी फवारणी करताना, कधी मनस्तापातून. उपचार ठरवण्यासाठी कोणते औषध पोटात गेले आणि किती वाजता, ही माहिती लागते. ‘कशाला असले धंदे केले?’ या प्रश्नाने सुरुवात झाली, तर रुग्ण तोंड मिटून घेतो आणि नातेवाईक बाटली लपवतात. ‘आधी तुम्हाला बरे करू, बाकीचे नंतर बोलू’ या वाक्यानंतर बाटली समोर येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरावे, तिला शिक्षा करू नये, असे म्हटले आहे. तिची काळजी घेणे ही सरकारची जबाबदारी आहे. त्या रात्री मिळालेली वागणूक बरे झाल्यावरही सोबत राहते. पुन्हा कधी मन खचले, तर हा माणूस मदत मागायला येईल की नाही, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरते. (अशा वेळी ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येते.)

यावर संशोधनही झाले आहे. कॅनडातील टोरांटो शहरात तातडीच्या विभागात येणाऱ्या १३३ बेघर रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले गेले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्या गटाला त्यासोबत प्रशिक्षित स्वयंसेवकांचा आपुलकीचा सहवास. जास्त लक्ष दिले तर हे लोक वारंवार येऊन गर्दी करतील, अशी भीती अशा वेळी हमखास व्यक्त होते. झाले उलटे. आपुलकी मिळालेल्या गटाच्या पुढच्या महिन्यातल्या फेऱ्या सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. १९९५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपले कोणी ऐकून घेतले, अशी खात्री पटलेला माणूस तीच तक्रार घेऊन पुन्हा दारात उभा राहत नाही, असा याचा सरळ अर्थ लावता येतो.

दुसरा अभ्यास २०१९ चा, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातला. जिवावर बेतलेल्या प्रसंगी तातडीच्या विभागात दाखल झालेल्या सुमारे शंभर रुग्णांची महिनाभराने पुन्हा पाहणी केली, तेव्हा चारपैकी एकात आघातानंतरच्या मानसिक त्रासाची लक्षणे आढळली. झोप न लागणे, प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, दचकणे असा हा त्रास असतो. ज्यांना कर्मचाऱ्यांकडून अधिक करुणा मिळाल्याचे जाणवले होते, त्यांच्यात ही लक्षणे कमी होती. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. त्यावरून कारण आणि परिणाम पक्के ठरवता येत नाहीत. तरीही दिशा स्पष्ट आहे. हाड दोन-तीन महिन्यांत जुळते. ट्रॉलीचा तो आवाज मात्र काहींच्या कानात वर्षानुवर्षे राहतो.

दार तेच, रात्र तीच

ज्या दारात पेढे येतात, त्याच दारात कधी दगडही येतात. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात डोक्याला मार लागलेला अपघातग्रस्त रुग्ण आणला गेला. मेंदूच्या शस्त्रक्रियेचे तज्ज्ञ तिथे उपलब्ध नव्हते, त्यामुळे दुसरीकडे न्यावे लागेल असे निवासी डॉक्टरने सांगितले. जमावाने त्याला इतके मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. त्यानंतर राज्यभरातले निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले, न्यायालयात याचिका गेल्या, रुग्णालयांत सुरक्षारक्षक आले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासूनच होता. मारहाणीचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. परंतु त्या रात्री डॉक्टर जे सांगत होता ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबर होते आणि तज्ज्ञाची रिकामी जागा ही त्याची चूक नव्हती, हे विसरता येणार नाही. यंत्रणेतल्या उणिवेची बातमी सांगण्याचे काम सर्वांत तरुण, सर्वांत थकलेल्या माणसावर आले आणि तिची शिक्षाही त्यालाच मिळाली.

परभणीकरांना २०२३ चा ऑक्टोबर आठवत असेल. नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा व मनुष्यबळाचा तुटवडा, आसपासच्या सत्तर-ऐंशी किलोमीटरवरून अखेरच्या अवस्थेत येणारे रुग्ण, असे बरेच काही चर्चेत आले. खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावल्याचे दृश्य देशभर दाखवले गेले. लोकांचा संताप खरा होता; पण त्या दृश्याने एकही खाट वाढली नाही. परभणीहून पुढे पाठवलेल्या गंभीर रुग्णांचा मोठा आधार तेच रुग्णालय असल्याने तिथल्या अविश्वासाचे ओझे परभणीच्या अपघात विभागालाही उचलावे लागते. ‘नांदेडला न्या’ म्हटले की नातेवाइकांचे चेहरे पडतात.

आभार आणि संताप या दोन्हींचे मूळ बऱ्याचदा एकाच ठिकाणी असते, ते म्हणजे रुग्ण आत गेल्यानंतर नातेवाइकांनी बाहेर घालवलेली पहिली पंधरा-वीस मिनिटे. आत धावपळ चाललेली असते, बाहेर शांतता. नंतर आलेला रुग्ण आधी आत घेतला, तर ‘वशिला लागला’ अशी शंका येते. प्रत्यक्षात तातडीच्या विभागात क्रम ठरतो तो धोक्यावरून. जोरात ओरडणाऱ्या माणसाचा श्वास निदान चालू असतो. गप्प पडलेला अधिक गंभीर असू शकतो. लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी जगभर याचसाठी करतात. हे मराठीत, मोठ्या अक्षरांत, दारावरच लिहिलेले असले तरी निम्मा वाद मिटेल.

‘रेफर’ या शब्दाचेही असेच आहे. नातेवाइकांच्या कानाला तो ‘हात वर केले’ असा ऐकू येतो. परभणी ते नांदेड सुमारे पाऊणशे किलोमीटर, छत्रपती संभाजीनगरची घाटी सुमारे दोनशे. एवढ्या वाटेवर रुग्ण पाठवताना श्वासनलिका सुरक्षित केली आहे, रक्तस्राव दाबून धरला आहे, सलाईन चालू आहे, पुढच्या रुग्णालयाला फोन झाला आहे, कागद सोबत आहेत, आणि तिथे पोहोचल्यावर कोणत्या दाराने आत जायचे हे नातेवाइकांना सांगितले आहे, एवढे झाले तर तोच ‘रेफर’ उपचाराचा पुढचा टप्पा वाटतो. यातला शेवटचा मुद्दा वैद्यकीय पुस्तकात नसतो, पण आभार मानणारे तोच आठवून सांगतात.

हक्काचे आभार

या कृतज्ञतेला एक अवघड बाजूही आहे. अंगावर न खेकसल्याबद्दल, स्ट्रेचर मिळाल्याबद्दल, पैसे न मागता टाके घातल्याबद्दल गरीब माणूस हात जोडतो, तेव्हा त्याची अपेक्षा किती खाली गेली आहे हेही त्यात दिसते. यातले काहीही मेहेरबानीचे नाही. जखमीला आधी उपचार, कायदेशीर सोपस्कार नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ मध्येच सांगितले. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडलेल्या एका शेतमजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी ‘खाट नाही’ म्हणून परत पाठवले होते. त्या प्रकरणात १९९६ मध्ये न्यायालयाने असा नकार म्हणजे जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि भरपाई द्यायला लावली.

म्हणून आभार हे पडद्यासारखे वापरले जाऊ नयेत. ‘आमच्या मावशींनी मध्यरात्री स्वतः स्ट्रेचर ढकलले’ हे कौतुकाचे आहेच. पण स्ट्रेचर ढकलणारा कर्मचारी त्या पाळीला का नव्हता, हा प्रश्नही त्याच वाक्यात आहे. ‘डॉक्टरसाहेबांनी पदरचे पैसे घालून औषध आणले’ हे आभाराचे वाक्य औषधसाठ्याविषयीही काही सांगून जाते.

तक्रारीतून व्यवस्था कशी उभी राहते, याचे एक उदाहरण जगाच्या माहितीचे आहे. १९७६ मध्ये अमेरिकेतील नेब्रास्का राज्यात जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचे छोटे विमान कोसळले. पत्नी गेली, मुले जखमी झाली. जवळच्या लहान रुग्णालयात मिळालेले उपचार पाहून ते हादरले. त्यांनी एखाद्या डॉक्टरला धडा शिकवण्याऐवजी सहकाऱ्यांसोबत गावाकडच्या डॉक्टरांसाठी जखमींच्या उपचारांचा अभ्यासक्रम तयार केला: आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. १९७८ मध्ये सुरू झालेला तो अभ्यासक्रम आज जगभर शिकवला जातो. त्याचे मूळ मोठ्या शहरातल्या पंचतारांकित रुग्णालयात नसून एका आडगावातल्या अपुऱ्या रात्रपाळीत आहे, ही गोष्ट मराठवाड्याला जवळची वाटायला हरकत नाही.

पेढे कुठवर पोहोचतात?

अपघात विभागाची एक अडचण बाहेरच्यांना सहसा माहीत नसते. इथला रुग्ण तासा-दोन तासांत पुढे जातो: वॉर्डात, शस्त्रक्रियागृहात, नांदेडला. पुढे त्याचे काय झाले, हे पहिल्यांदा त्याला हात लावणाऱ्यांना बहुधा कळतच नाही. सुट्टी होते ती वॉर्डातून, त्यामुळे पेढेही वॉर्डातच वाटले जातात. रुग्णवाहिकेतला डॉक्टर, रात्रीची सिस्टर, केस पेपर काढणारा कारकून, स्ट्रेचरवाले मामा यांच्या वाट्याला येतात त्या फक्त मृत्यू आणि भांडणे. वर्षानुवर्षे केवळ वाईटच कानावर पडत गेले, तर माणूस आतून कोरडा होतो. मग ‘सरकारी लोक असेच’ असे म्हटले जाते.

करुणा हा स्वभावाचा गुण आहे हे खरे, पण तो थकतो. एका डॉक्टरने एकाच वेळी तीन जखमी पाहायचे, मेडिकोलीगल नोंदी लिहायच्या, पोलिसांना उत्तर द्यायचे, तज्ज्ञाला फोन करायचा आणि नातेवाइकांनाही समजवायचे, अशी पाळी असेल, तर सर्वांत आधी गळते ते समजावणे. त्यामुळे आपुलकीची अपेक्षा करताना तिला लागणारे मनुष्यबळही मागायला हवे. नातेवाइकांशी बोलण्यासाठी प्रत्येक पाळीत एक ठरलेली व्यक्ती, बसायला बाकडे, प्यायला पाणी, आणि पुढे पाठवलेल्या रुग्णाचे काय झाले याची आठवड्यातून एकदा फोनवरून घेतलेली नोंद, एवढ्याला फार पैसा लागत नाही.

परभणीत याला आता वेगळे महत्त्व आहे. जिल्ह्याने अनेक वर्षे मागणी केलेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२३ मध्ये सुरू झाले. दरवर्षी शंभर विद्यार्थी इथे डॉक्टर होण्यासाठी येतील. देशभर २०१९ पासून वैद्यकीय अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा विषय सक्तीचा झाला आहे. वर्गातला तास महत्त्वाचा आहेच. पण वेदनेने कळवळणाऱ्या शेतकऱ्याशी कसे बोलायचे, हे विद्यार्थी शिकतात ते रात्री दोन वाजता वरिष्ठ कसे बोलतो ते पाहून. तज्ज्ञांची पदे भरली गेली, तर परभणीचे अनेक रुग्ण नांदेडच्या वाटेवरून वाचतील. आणि त्या पहिल्या काही तुकड्या जे पाहतील, तीच या रुग्णालयाची पुढच्या तीस वर्षांची सवय होईल.

आपल्या हातात काय?

२०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून अधिक. यातल्या अनेकांच्या बाबतीत पहिला मदतनीस हा रस्त्यावरचा अनोळखी माणूस असतो. जखमीला रुग्णालयात पोहोचवणाऱ्याला पोलीस वा रुग्णालय त्रास देऊ शकत नाही. २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने त्याला संरक्षण दिले आहे. मे २०२५ पासून केंद्राची योजना लागू आहे. तिच्यात रस्ते अपघातातील जखमीला नियुक्त रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडविरहित उपचार मिळू शकतात. पैशांची जुळवाजुळव होईपर्यंत थांबू नका, १०८ ला फोन करा.

रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस पुढे करा. विषबाधा असेल तर बाटली किंवा पाकीट सोबत आणा. जखमीला पाणी, चहा पाजू नका. शस्त्रक्रिया लागू शकते. काही कळत नसेल तर ‘आता काय चालू आहे आणि पुढे काय?’ एवढे स्पष्ट विचारा. उत्तर मिळणे हा तुमचा अधिकार आहे.

आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला, तर पेढ्यांसोबत एक कागदही द्या. तारीख, पाळी, कोणी काय केले आणि काय कमी पडले, हे चार ओळींत लिहून वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे ठेवा. ‘त्या रात्रीच्या सिस्टर’ची पाळी त्या दिवशी नसली, तरी तो कागद तिच्यापर्यंत पोहोचेल. कमी पडलेल्या गोष्टींची नोंदही अधीक्षकांच्या टेबलावर राहील.